सराफ्यातलं मशीन आणि मावशीचं फॉइल

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच निरोप आलाय: 'सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या गर्दीत चोर कार्डाचं मशीन घेऊन फिरतात. चार फुटांवरून कार्ड वाचतात, पिन न विचारता खातं साफ करतात, डुप्लिकेट कार्डही बनवतात. कार्ड फॉइलमध्ये गुंडाळा.'

चार फुटांवरून? टॅपवाल्या, म्हणजे मशीनला नुसतं टेकवून पैसे देता येणाऱ्या, कार्डात बॅटरीच नसते. प्लास्टिकच्या आत बारीक तारेचे वेढे असतात. मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रामुळे त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि तेवढ्यावरच चिप चालते. अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्यानं विरतं, म्हणून काम होतं ते जेमतेम चार सेंटिमीटरच्या आत. भुट्ट्याच्या किसाचे पैसे देताना कार्ड जरा वर धरलं तरी दुकानदार म्हणतो, 'भिया, चिपकाके रखो!' लांबून वाचला जातो तो गाडीच्या काचेवरचा टोलचा फास्टॅग. त्याची जातच वेगळी, पण निरोप लिहिणाऱ्यानं दोघांची खिचडी केलीय.

खातं साफ होणंही कठीण. पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयेच जातात. १ जानेवारी २०२१ पूर्वी ही मर्यादा २,००० होती. बरं, ते पैसे जातात मशीनवाल्याच्या केवायसी झालेल्या, म्हणजे बँकेनं नाव-पत्ता तपासलेल्या, खात्यात. म्हणजे खिसा कापून आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जाणारा चोर!

डुप्लिकेटचं म्हणाल, तर प्रत्येक टॅपला चिप नवा कोड तयार करते आणि तिच्यातली गुप्त किल्ली बाहेर पडत नाही. मात्र एक कबूल करायला हवं: फोन अगदी चिकटवला तर कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते. मागे छापलेला तीन आकडी कोड, म्हणजे सीव्हीव्ही, मिळत नाही, पण परदेशातल्या काही साइट त्याच्याशिवायही पैसे घेतात. म्हणून मी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंदच ठेवलेत. टॅपही तिथूनच बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्येच बँकांना ही सोय द्यायला लावली.

कार्ड हरवलं तर काय, यावर निरोपात चकार शब्द नाही. खरी भीती तिथं आहे: ब्लॉक करेपर्यंत ज्याच्या हाती पडेल तो टॅप करू शकतो.

आणि फॉइल? ते चालतं, अगदी खरं. मावशीनं उत्साहात भाच्याचं ऑफिसचं कार्डही पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून दिलं. गेट काही उघडेना. मागे रांग लागली आणि वॉचमननं विचारलं, 'साहब, टिफिन लगा रहे हो क्या?'