एका वेळी चार विणकामं? हो, चालू आहेत!

"हातातलं एक पुरं कर, मग दुसऱ्याचे टाके घाल." दिवाळी झाली, मी लोकरीची पिशवी माळ्यावरून काढली की हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात सुई हातात धरलेली नसते, ते सोडा. पण सगळ्यांना मिळून एकदाच सांगते: सोलापुरात राहून हातानं विणायचं असेल, तर एका वेळी तीन-चार कामं सुयांवर असायलाच हवीत.

मुळात आपल्याकडे थंडी असते किती? पहाटे सोलापुरी चादर अंगावरून काढवत नाही आणि दुपारी पंखा लावायचा की नाही यावर घरात वाद. महाशिवरात्र उलटली की लोकर हातात धरवत नाही. तळवे घामेजतात, अ‍ॅक्रिलिकचा धागा सुईवरून सरकायचं नाव घेत नाही. म्हणजे विणायला मिळतात जेमतेम साडेतीन-चार महिने. त्यातच गड्डा (जानेवारीतली आमची सिद्धेश्वर यात्रा), भोगी, संक्रांत, बोरन्हाण, हळदीकुंकू आणि गावभरची लग्नं. या दिवसांत सलग दोन तास एका जागी बसून एकच स्वेटर विणणारी बाई असेल, तर मला तिचं घर बघायचंय.

शिवाय प्रत्येक काम प्रत्येक वेळेला चालत नाही. यजमानांच्या स्वेटरला सहा टाक्यांची वेणी घातलीय. दर आठव्या ओळीला तीन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढं सोडायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग सोडलेले तीन. हे करताना कुणी "चहा टाकतेस का?" विचारलं की पीळ उलट्या बाजूला पडलाच म्हणून समजा. हे काम घर रिकामं असतानाचं. मफलर मात्र आंधळेपणानं होतो. सगळ्या ओळी सुलट. भिशीत, दवाखान्याच्या रांगेत, जाऊबाईंशी फोनवर बोलताना, कुठंही. आता सांगा, दवाखान्यात वेणी घालू का रिकाम्या हातानं बसू?

कानटोपीचं वेगळंच. ती सासूबाईंना गड्ड्याच्या आत हवीय. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला दुपारी डोक्यावर पदर पुरतो, पण यात्रेच्या होम मैदानावर रात्री वारं सुटतं आणि शोभेचं दारूकाम बघितल्याशिवाय त्या घरी येत नाहीत. त्यामुळं जानेवारी लागला की बाकी सगळं बाजूला, आधी टोपी. भाचीच्या बाळाला अजून वेळ आहे, म्हणून त्याची टोपडी-मोजे सावकाश. (तान्ह्या बाळाला जाळीची नक्षी घालू नका हो. दिसते गोड, पण चिमुकली बोटं त्यात अडकतात.)

शेजारच्या अक्कांना हे काही पटत नाही. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मागावरचं. "एकदा बीम चढला की तो संपल्याबिगर दुसरा चढत नाही," म्हणाल्या. (बीम म्हणजे मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ.) मी म्हटलं, "खरंय अक्का, पण कामगार एका वेळी किती माग बघतो?" तर म्हणाल्या, "त्याला त्याचा पगार मिळतो. तुला कोण देतंय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

मात्र चार कामं काढायची तर शिस्त लागते, आणि खरी गडबड तिथंच होते. कामं जास्त झाली म्हणून स्वेटर अर्धवट पडत नाहीत. एकाच्या सुया काढून दुसऱ्याला लावल्या की पडतात. मग परत आल्यावर आठवत नाही, स्वेटरचं अंग 9 नंबरच्या सुयांवर होतं की 10 च्या. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळं एका नंबरच्या फरकानंही विणीत पट्टा उठून दिसतो. म्हणून प्रत्येक कामाला स्वतःची सुयांची जोडी, स्वतःची पिशवी आणि आत एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर असं असतं: "बॉर्डर 11, अंग 9. पीळ झाला, पुढची उलट ओळ." लोकरीच्या गुंड्यावरचा कागदही त्याच पिशवीत ठेवायचा. लोकर कमी पडली तर दुकानात शेडबरोबर लॉट नंबरही (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा) जुळवावा लागतो, नाहीतर बाही वेगळीच दिसते.

काम थांबवायचं ते ओळ पुरी करूनच. अर्ध्या ओळीत सुया ठेवल्या तर तिथले टाके ताणतात आणि ती खूण धुऊनही नीट जात नाही. बऱ्याच दिवसांनी एखादं काम परत हातात घेतलं की आधी मफलरच्या चार ओळी विणते. हात कधी आवळ पडतो, कधी सैल. तो जाग्यावर आला की मगच स्वेटर. आणि जे जोडीचं, ते एकत्रच. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंडे लावून. एक बाही डिसेंबरात आणि दुसरी फेब्रुवारीत विणली तर टाके मोजून सारखे भरतील, पण लांबी जुळेलच असं नाही.

बाकी ज्या ताई इनबॉक्समध्ये "आमच्या नातवालाही एक कर की" म्हणताहेत, त्यांना: यंदा अजिबात नाही. लोकर आणि 10 नंबरच्या सुया घेऊन दुपारी तीननंतर या. टाके घालून देते, सुलट-उलट शिकवते. पुढचं तुम्ही विणायचं.