किल्ली कोणाकडे, नळ कोणाकडे

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी आम्ही चौघे जमतो: लोकप्रशासन शिकवणारे मास्तर, बेस्टच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले अण्णा, धारावीत वस्ती-स्वच्छतेचे काम करणाऱ्या ताई आणि बहुतेक वेळा ऐकणारा मी. सरकार बाजाराच्या शिस्तीने चालवण्याचा काळ सरला असून आता सहयोगी शासनाकडे वळायला हवे, असे मास्तरांनी गेल्या खेपेस सांगितले आणि वाद पेटला.

१९८०च्या दशकात ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये रुजलेल्या त्या बाजारी पद्धतीला लोकप्रशासनाचे अभ्यासक ख्रिस्तोफर हूड यांनी १९९१ मध्ये ‘नवे लोकव्यवस्थापन’ असे नाव दिले. तिच्यात नागरिकाचा ग्राहक होतो, कामाचे कंत्राट होते आणि कामगिरी आकड्यांत मोजली जाते. याउलट अ‍ॅन्सेल आणि गॅश या अभ्यासकांनी २००८ मध्ये केलेल्या सहयोगी शासनाच्या व्याख्येनुसार, शासनाने संबंधितांना एका बैठकीत आणून सहमतीने निर्णय घ्यायचा असतो. नुसता सल्ला विचारून भागत नाही.

अण्णांना हे पटले नाही. “मास्तर, कंत्राटात निदान किलोमीटर मोजता येतात, दंड लावता येतो. सहमतीचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?”

“आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये काय झाले?” मास्तरांनी विचारले. भाडेतत्त्वावरील बसगाड्यांच्या चालकांनी तेव्हा संप केला होता. गाडीवर नाव बेस्टचे, चालकाचा पगार मात्र कंत्राटदाराचा. त्यामुळे थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला जाब कोणाला विचारावा, हेच कळेना. अण्णा काही क्षण गप्प राहिले. मला वाटते, आपल्याच खात्याविषयी असे ऐकणे त्यांना जड गेले असावे.

पण मास्तरांचा विजय फार टिकला नाही, कारण आता ताई बोलू लागल्या. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ मध्ये मंजूर झालेल्या मलनिस्सारण प्रकल्पात झोपडपट्टी स्वच्छतेचाही कार्यक्रम होता. रहिवाशांनी मंडळ स्थापन करायचे, प्रत्येक प्रौढामागे १०० रुपये भरायचे, पालिकेने शौचालय बांधून द्यायचे आणि पुढची देखभाल मंडळाने मासिक पासाच्या पैशांतून करायची. सहयोगाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, असे मास्तर म्हणणार, तोच ताईंनी त्यांना थांबवले.

“किल्ली मंडळाला मिळाली, मास्तर. मलवाहिनी नाही मिळाली. जिथे ती जवळून गेलेली नाही तिथे सेप्टिक टाकी आली, ती भरली की उपसायची जबाबदारी मंडळाची, आणि पाण्याची वेळ मात्र दुसऱ्यांनी ठरवायची. भागीदाराच्या हाती झाडू, आणि नळ साहेबांच्या हाती!”

मला ताईंचे म्हणणे सर्वांत वजनदार वाटले. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला होता. तिथे चर्चेमागे तिजोरी होती. मुंबईत १९९७ पासून राबवलेल्या परिसर व्यवस्थापन योजनेत गल्लीतल्या सोसायट्यांनी कचरा वेगळा करायचा, खत करायचे, हे ठीकच. पण खर्चाचा निर्णय त्यांच्याकडे आला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षे पालिकेचा कारभार प्रशासकाच्याच हाती होता.

“म्हणून बैठका नकोतच का?” मास्तर जरासे दुखावले होते.

“हव्यात की,” ताई म्हणाल्या, “पण आमच्या मंडळाला मागे एका बैठकीचे बोलावणे आले, त्यावर वेळ होती मंगळवारी सकाळी अकराची. मंडळातल्या आठ बाया त्या वेळी याच पार्काभोवतीच्या इमारतींत भांडी घासत होत्या.”

अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारले, “मग गेले कोण?”

“अध्यक्षांचा मुलगा. त्याला रात्रपाळी होती, म्हणून.”