कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा

दुसऱ्याला मदत करायची म्हटलं की आपल्याला आधी देणगी, रक्तदान, थंडीत ब्लँकेटवाटप असं काहीतरी आठवतं. ते सगळं करावंच. पण आज मला रोज सकाळी दाराबाहेर ठेवल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या बादलीबद्दल लिहायचंय. त्या बादलीत आपल्यानंतर एका बाईचा हात जातो. तो हात सुरक्षित राहावा एवढं पाहणं ही मला माणसाला मान देण्याची सगळ्यात पहिली पायरी वाटते. तिला 'ताई' म्हणणं, दिवाळीला फराळाचा डबा देणं हे सगळं त्यानंतर.

पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा तरी सकाळी साडेनऊ-दहाला खाली पार्किंगमध्ये किंवा गल्लीच्या टोकाला जाऊन बघा. घरोघरचा कचरा गोळा करून झाल्यावर ताईंचं दुसरं काम सुरू होतं, वर्गीकरणाचं. सुका कचरा जमिनीवर पसरायचा आणि उकिडवं बसून हाताने निवडायचा. पुठ्ठा इकडे, दुधाच्या पिशव्या तिकडे, कडक प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, पत्रा वेगळा. हात इतका भराभर चालतो की बघत राहावं. मग मध्येच एक काळी पिशवी येते, घट्ट गाठ मारलेली. आत काय आहे ते गाठ सोडल्याशिवाय कळत नाही, आणि न सोडता टाकून द्यावी तर आतला विकला जाणारा माल जातो. म्हणून ती सोडतात. आत कालचा भात, त्यात वापरलेलं सॅनिटरी पॅड, त्यातच दाढीचं ब्लेड. हे मी स्वतः उभी राहून पाहिलेलं आहे. आपल्या घरात आपण जी गोष्ट स्वतःच्याच नजरेआड करतो, ती दुसरी बाई उघड्यावर बसून हाताने बाजूला करते.

हातमोजे का घालत नाहीत, असं लगेच विचारलं जातं. घालतात. पण मोजे घालून पातळ पिशवीची गाठ सुटत नाही, एप्रिल-मेमध्ये आत घामाने हात भिजून जातो, आणि फुटलेली काच साध्या रबरी मोज्याला जुमानत नाही.

या बायका कोण आहेत तेही थोडं माहीत असलेलं बरं. पुण्यातल्या कचरावेचक बहुतांशी दलित समाजातल्या. अनेकींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून इकडे आलेली. तेव्हा कचराकुंड्यांत उतरून भंगार वेचायच्या, लोक चोर म्हणायचे, कुत्री अंगावर यायची. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, यावर त्यांचं घर चालतं. २०२०च्या टाळेबंदीत आपण सगळे दारं लावून बसलो होतो तेव्हाही या बायका रोज सकाळी आल्या. थाळ्या वाजवून झाल्या, पण पॅड काही कागदात गुंडाळलं गेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि उपाय इतका सोपा आहे! 'स्वच्छ'ने वर्षानुवर्षं सांगून ठेवलाय: लाल ठिपका. वापरलेलं पॅड किंवा डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा, आणि ते पुडकं ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळं द्यायचं. बस. ठिपका दिसला की ताईंना उघडून पाहावं लागत नाही. अक्षरओळख नसली तरी कळतं, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. डायपर असेल तर आधी गुंडाळी करून त्याच्याच चिकटपट्ट्या लावून टाका, मग कागद. काळ्या पिशवीत कोंबू नका. २०१६च्या घनकचरा नियमांतही पॅड-डायपर नीट गुंडाळून द्यावेत असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि विल्हेवाटीसाठी पाकीट द्यायची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली होती. पण कायदा असो-नसो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

घरातल्या पुरुषांनीही हे वाचावं. बाळाचे डायपर बदलणारे बाबा आता खूप आहेत, ठिपकाही त्यांनीच काढावा. पॅडचा विषय निघाला की सोसायटीच्या ग्रुपवर जी शांतता पसरते ती आता पुरे झाली.

काचेचं तसंच. बरणी फुटली की तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा आणि ताईंच्या हातात देताना तोंडाने सांगा, "ताई, यात काच आहे, जपून." खोक्यावर लिहून भागत नाही, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. ब्लेडसाठी एक जुना पत्र्याचा डबा ठेवा, भरला की झाकण पक्कं करून वेगळा द्या. आणि ज्यांच्या घरी इन्सुलिन घेतात त्यांना हात जोडून विनंती, सुई कधीही सुट्टी टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बूच लावा, सांगून द्या. सुई टोचली तर त्या बाईला रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि निकाल येईपर्यंतचे दिवस काळजीत काढावे लागतात. तिची मजुरी बुडते ती वेगळीच.

दुधाच्या पिशवीबद्दल एक छोटी गोष्ट. कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, थोडा जोडलेला राहू द्या. तो सुटा तुकडा इतका बारीक असतो की कुणीच वेचू शकत नाही, सरळ गटारात जातो. पिशवी विसळून वाळवून दिली तर वास येत नाही आणि स्वच्छ मालाला भावही बरा मिळतो. म्हणजे आपल्या सिंकमधल्या दहा सेकंदांचे पैसे तिच्या पदरात पडतात.

"पैसे देतो ना आम्ही, मग निवडणं त्यांचंच काम आहे," हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही. पैसे आपण कचरा नेण्याचे देतो. कुणाचा हात कापण्याचे पैसे कुठल्याच पावतीत नसतात. आपल्या घरात ओलं-सुकं वेगळं करायला जी किळस येते, तेवढीच तिलाही येते. सवय झालीय म्हणून किळस संपत नाही.

आता जरा अवघड विषय. सकाळी सातला घरातून निघालेली बाई दुपारी एक-दीडपर्यंत आपल्या गल्लीत असते. लघवीला कुठे जाते? बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. विचारलंत तर हसून सांगतील, "सवय हाय वो." उन्हाळ्यात ढकलगाडी ओढणारी बाई पाणी टाळते, कारण जायला जागा नाही. आणि आपल्या बहुतेक इमारतींत तळमजल्यावर वॉचमनसाठी एक संडास असतो. तो त्यांच्यासाठी, घरकामाच्या मावशींसाठी, पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांसाठी खुला करायला कुठलं बांधकाम लागत नाही, खर्चही फारसा येत नाही. आतून नीट लागणारी कडी, बादली-मग आणि साबण. लिफ्टचंही तेच. चार मजल्यांच्या बादल्या घेऊन जिन्याने उतरा, असं सांगणाऱ्या पाट्या अजून लागतात. त्या काढून टाकाव्यात. लिफ्ट मळते ही काळजी असेल तर बादलीला झाकण घ्या, वर्गणी काढून घ्या.

संडासाचा विषय मी आमच्या सोसायटीच्या येत्या सभेसाठी लेखी दिलाय. विरोध होईल, काहींनी आत्ताच फोन करून "सिक्युरिटीचं काय" विचारलंय. ज्या बाईला आपण वर्षानुवर्षं ओळखतो, जी आपल्या प्रत्येक दारापर्यंत रोज येते, तिच्यापासून कसली भीती, हे मी सभेत विचारणार आहे.

तोपर्यंत जिन्यात लावण्यासाठी एका पानाची सूचना तयार केलीय, मराठी आणि हिंदीत: लाल ठिपका, काच, ब्लेड, सुई, दुधाची पिशवी. चित्रं मुलीने काढलीत, म्हणजे लहान मुलांनाही कळेल. ज्यांना आपल्या इमारतीत लावायची असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते. आणि तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना आधी दाखवा. त्यांना आणखी काही सांगायचं असेल तर ते पानावर सगळ्यात वर लिहा.