टाकी रिकामी ठेवा, रॉकेल घाला? बोट इंजिनच्या त्या मेसेजबद्दल

मासेमारी बंदी लागली (१ जून ते ३१ जुलै) की तो मेसेज परत फिरायला लागतो. जुन्या बोट इंजिनची काळजी, खर्च शून्य! सांगतो काय, तर टाकी रिकामी करून ठेवा, ऑगस्टात पहिल्या डिझेलमध्ये थोडं रॉकेल घाला म्हणजे नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) आपोआप साफ, फिल्टर काळा दिसला तरच बदला, काळा धूर आला की डिझेलचा पंप उतरवा. गोव्यात मालीम जेटीपासून कुटबण जेटीपर्यंत लोक मनापासून पुढे ढकलतात, पण यात धड असं जवळपास काहीच नाहीये.

आधी टाकी. रिकामी म्हणजे आतून पुसून कोरडी, असं कोण करतं हो? तळाला चार बोटं डिझेल राहतंच आणि वर सगळी आपली जुलैची हवा, रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतला ओलावा आत थेंब धरतो, पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी जाऊन बसतं, आणि दोघं भेटतात तिथं जीवाणू-बुरशी वाढून काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. ऑगस्टात पहिल्याच लाटांनी तो ढवळला की थेट फिल्टरमध्ये. म्हणून टाकी जवळपास भरून ठेवा. पैसे अडकतात, मान्य. नसेल जमत तर पूर्ण उपसून साफ करा, पण अर्धवट नको. सीझनआधी वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करतो तो) तळातलं थोडं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटं ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी.

रॉकेल तर नकोच. डिझेलचे पंप दोन प्रकारचे, रोटरी आणि इनलाइन. रोटरी पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच, इनलाइनमध्ये खाली ऑइल असलं तरी आतले प्लंजर डिझेलवरच सरकतात. त्यात एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेलमध्ये सल्फर जेमतेम १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, वंगणासाठी कंपन्या वेगळं काहीतरी मिसळतात, आणि तुम्ही तेच पातळ करताय. नॉझल साफ करायचा तर काढून टेस्टिंगला द्या, फवारा आणि प्रेशर दोन्ही कळतं. काहीजण रॉकेलच्या जागी पेट्रोल सुचवतात, बंद इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ, कमाल आहे!

फिल्टर इंजिन चाललेल्या तासांवर बदलायचा, रंगावर नाही. आत साचलेलं पाणी कुठे काळं दिसतं? बदलल्यावर हवा काढायची: फिल्टरवरचा स्क्रू सैल, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट, मग पंपावर तेच, शेवटी नॉझलचे नट. तांब्याचे वायसर नवेच घाला. टाकीकडच्या बाजूला जुना वायसर डिझेल गळू देत नाही, पण इंजिन चालू असताना हवा आत ओढतो, म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक आणि इंजिन मात्र दर अर्ध्या तासाने बंद. तेव्हा नुसता सेल (स्टार्टर) मारत बसू नका. ज्या बोटीचा धूर पाण्याबरोबर बाहेर पडतो तिथं इंजिन न लागता सेल मारत राहिलं तर ते पाणी सायलेन्सरमधून उलटं सिलिंडरमध्ये येऊ शकतं, म्हणून इंजिन लागेपर्यंत समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

राहिला काळा धूर. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, एवढंच. पंप उतरवायच्या आधी एअर फिल्टर बघा, आणि बोट पाण्यातच उभी होती तर पाण्यातला पंखा आणि बोटीचं बूड खरवडा, शिंपल्यांनी लोड वाढला की चांगला पंपसुद्धा काळाच धूर काढणार.