आई मुंबईला 'लग्नामुळे' आली म्हणे

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "२०२७ च्या जनगणनेत एकदाचं कळू दे, बाहेरचे किती घुसलेत ते." खाली पटापट बारा अंगठे. काकांचं स्वतःचं गाव राजापूर तालुक्यात, आणि गणपतीचं तिकीट कन्फर्म झालं नाही की पहिली बोंब त्यांचीच. पण ते बाहेरचे नव्हेत हं, ते चाकरमानी!

डोकं फिरलं. उत्तर टाइप करायला घेतलं आणि आई आठवली.

आई १९७४ ला संगमेश्वराकडून लालबागच्या खोलीत आली. पत्र्याची एक ट्रंक, आणि खोलीत आधीच सहा माणसं. जनगणनेत जागा बदलल्याचं एकच कारण लिहितात. आईच्या पुढे 'लग्न'. विषय संपला. २०११ च्या मोजणीत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित निघाले, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश बायका, आणि सगळ्यात मोठं कारण हेच. 'लोंढे' म्हणताना या बायका कुणाच्या डोळ्यांपुढे येतात का हो?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बाबांची गिरणी थांबली ती थांबलीच. आईने डबे सुरू केले. पहाटे चारला पाण्याची लाइन, मग स्टोव्ह. गावाला मनीऑर्डर जात राहिली, फॉर्मवर नाव बाबांचं. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझा पोरगा कधी पैसे चुकला नाही.

आणि काका, बाहेरचे मोजायचेच तर आधी आपण. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं ऐंशी हजारांनी कमी झाली, सिंधुदुर्गातलीही घटली. ठाणे जिल्हा गेला १ कोटी १० लाखांवर. खुद्द मुंबई शहर जिल्हासुद्धा आक्रसला. लालबाग-परळ सोडून डोंबिवलीत आलो ते कोण? इथल्या जुन्या लोकांनी आपल्याला काय ओवाळून घेतलं होतं?

बरं, गर्दी खोटी नाही. ८:१२ ला मीही लटकते. पाणी पुरत नाही, हेही मान्य.

चहा घेऊन आले. राग जरा उतरलाय. काकांची आई गावीच राहिली होती. काका मुंबईत, त्यांचे वडील मुंबईत, ती एकटी भात लावायची. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हा २०११ चा आकडा लोक कौतुकाने सांगतात, कोकण किती पुढारलेलं म्हणून. अहो, पुरुष इकडे होते! त्या माऊलीसारख्या बायका मागे राहिल्या, म्हणून तो आकडा. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ग्रुपवर काही टाकलं नाही मी. इथेच लिहितेय.

प्रगणक आला आणि कारण विचारलंच, तर आईच्या शेजारी बसून 'काम' लिहा म्हणून सांगायचं ठरवलं होतं. मघाशी तिला तसं म्हटलं, तर भाजी निवडता निवडता माझ्यावरच उखडली. "मग काय गं, डबे करायला आले होते मी?"