शेजारच्या गावाशी न जुळवून घेण्याची रीत

सरपंचसाहेब, अभिनंदन. गुलाल धुऊन झाला असेल तर एक धोका कानावर घालतो. पुढच्या पाच वर्षांत तालुक्याहून कोणीतरी साहेब येईल आणि म्हणेल, हवामान बदलाचं आणि विजेचं नियोजन चार-पाच गावांनी मिळून करा. घाबरायचं काम नाही. चहा पाजा, हो म्हणा आणि खाली सांगतो तसं वागा.

आधी नाला. तो आपल्या शिवेत येण्याआधी वरच्या गावातून येतो, ही गोष्ट ग्रामसभेत निघूच देऊ नका. पाणलोटाची कामं माथ्यापासून पायथ्याकडे करावीत, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतो. पण माथा त्यांचा, पायथा आपला. त्यांनी टेकडीवर समतल चर खोदले तर पाणी आपल्या विहिरींना लागणार, मग ते कशाला घाम गाळतील? आणि आपण तरी त्यांच्या दारात कशाला जायचं? सरळ पायथ्याशी पोकलेन लावा. नाला खोल होतो, फोटो झकास येतो, गाळ ट्रॅक्टरनं हव्या त्या शेतात जातो. जूनच्या दोन दणक्यांत टेकडीची माती खाली उतरते आणि नाला होता तिथंच येतो. मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खोलीकरण. इतकी शाश्वत योजना सरकारकडे दुसरी नाही. वरच्या गावच्या कोणी बाजारात विषय काढलाच, तर आपल्या माणसानं तिथंच तोडायचं: "काऊन जी, आमच्या नाल्याची तुमाले कायले पडली?"

कायद्याचं दडपण घेऊ नका. पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे जिल्हा नियोजन समितीनं एकत्र गुंफावेत, पाणीवाटप आणि पर्यावरणासारखे सामाईक प्रश्न त्यात धरावेत, असं संविधानाच्या कलम २४३ झेडडीमध्ये १९९३ पासून लिहिलेलं आहे. राज्यानं १९९८ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही केला. तरी समितीच्या बैठकीत चर्चा रंगते ती निधी किती आला आणि किती खर्ची पडला याची. नाला कुठून येतो, हे तिथं कोणी विचारत नाही. तुम्हीच विचारून वाईटपणा कशाला घ्यायचा?

तसं पाहिलं तर सहकार्य आपल्याकडे आहेच. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज असतो, म्हणजे अख्खा प्रादेशिक समन्वय एका माणसाच्या पिशवीत फिरतो. तो एका गावाचा विकास आराखडा ऑपरेटरकडून दुसऱ्या गावाला उतरवून घेतो. कधी पान चारवर शेजारच्या गावाचं नाव तसंच राहून जातं. ते खोडू नका. संयुक्त नियोजनाचा पुरावा म्हणून दाखवता येईल.

माझी वसुंधरा अभियान, म्हणजे गावांची सरकारी पर्यावरण स्पर्धा, तर आपल्याच सोयीचं. २०२० पासून पंचमहाभूतांवर गुण मिळतात, आणि स्पर्धा म्हटली की शेजारी आपोआप प्रतिस्पर्धी होतो. आपल्या वायूचे गुण आपल्याला, त्यांच्या वायूचे त्यांना. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटवल्यावर धूर कोणत्या ग्रामपंचायतीच्या खात्यात धरायचा, एवढं मात्र कोणी सांगितलेलं नाही.

पऱ्हाटीवरून आठवलं. कोळशाच्या वीजकेंद्रांनी काडीकचऱ्याचे ५ टक्के पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) कोळशात मिसळावेत, असं धोरण केंद्रानं २०२१ मध्ये आणलं, आणि विदर्भात चंद्रपूर, कोराडी, पारस, तिरोडा अशी केंद्रांची रांगच आहे. एका गावाच्या पऱ्हाटीवर पेलेटचं युनिट वर्षभर चालत नाही; दहा गावांनी गोळा केली तर चालेल. म्हणून दहा गावांची बैठक होऊ देऊ नका. आगपेटी दोन रुपयांत मिळते.

सौर कृषी वाहिनीचं, म्हणजे पंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या योजनेचं, प्रकरण जरा नाजूक आहे. उपकेंद्र एक, त्यावर डझनभर गावं. प्रकल्प झाला तर ज्यांच्या शिवेत तो, त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. इथं नियम सोपा ठेवा: पॅनल आपल्या शिवेत बसले तर विकास, त्यांच्या शिवेत बसले तर गायरानावर हल्ला. तक्रार टाका. काम रखडलं की दोन्ही गावचे शेतकरी पूर्वीसारखे रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन ओलिताला जातील, बांधावर भेटतील, विड्या पेटवतील. गावागावांतला संवाद वाढवायचा म्हणतात, तो असा वाढतो.

आणि इतकं करूनही संयुक्त समिती गळ्यात पडलीच, तर विरोध करू नका, ताबडतोब स्थापन करा. पहिल्या बैठकीत फलकावर कोणत्या गावाचं नाव आधी, हा विषय घ्या. दुसरीत अध्यक्ष कोण, आणि तिसरी कोणाच्या समाजमंदिरात घ्यायची. चौथीला गणपूर्ती होत नाही. तोवर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते आणि फाईल नव्या सरपंचाच्या कपाटात जाते. कपाटाची किल्ली तेवढी आपल्याकडेच राहू द्या.