‘खरा ट्रेकिंग बूट असा ओळखा’ : त्या मेसेजला खान्देशातून उत्तर

मागच्या पावसाळ्यापासून एक मेसेज फिरतोय. ट्रेकच्या ग्रुपवर आला, गावच्या ग्रुपवर आला, शेवटी भाऊबंदांच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. म्हणणं थोडक्यात असं: बूट घोट्याच्या वर गेलेला हवा, वॉटरप्रूफ हवा, वजनदार हवा. एक नंबर मोठा घ्यावा, तोही संध्याकाळी. सुरुवातीला चावला तर चावू द्यावा, नंतर बसतो. सोलची नक्षी जितकी खोल तितकी पकड जास्त. आणि असा एक महागातला जोड घेतला की डोंगर, शेत, ऑफिस सगळं त्यातच. जपून वापरला तर दहा वर्षं बघायला नको. खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

धुळ्यातल्या एका ओळखीच्या पोराने तो वाचून चांगले नऊ हजार मोजले आणि मे महिन्यात ते बूट घालून लळिंगचा किल्ला चढून आला. त्याच्या पायांचं काय झालं ते पुढे येईलच.

मेसेज सगळाच खोटा नाही. थंड, ओल्या मुलखात पाठीवर वीस किलोची सॅक घेऊन आठवडाभर चालणाऱ्याला त्यातलं निम्मं लागू पडतं. आपण चालतो लळिंग-सोनगीरच्या तापल्या कातळावर, पाटणादेवीच्या नाल्यांतून, तोरणमाळच्या उतारांवर, नाहीतर काळ्या मातीच्या बांधावरून. सॅकमध्ये पाणी, भाकरी-चटणी आणि टॉर्च. बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. बूट या जमिनीसाठी घ्यायचा आहे.

‘वॉटरप्रूफच घ्या’

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून यावर जरा सविस्तर.

वॉटरप्रूफ बुटाच्या अस्तरात एक पातळ पडदा असतो. १९६९ साली बॉब गोर यांनी पीटीएफई नावाचं प्लास्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार केली, तिथून हे तंत्र निघालं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. वाफ मात्र आपोआप बाहेर पडत नाही. आत उबदार-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तर ती जोरात निघते. श्रावणात सातपुड्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की वाफेला जायला जागा उरत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हवा कोरडी असते खरी, पण पायाला घाम इतका सुटतो की पडद्याला तो उपसवत नाही. साध्या जाळीच्या बुटातून तो कितीतरी लवकर सुकतो. लळिंगहून उतरल्यावर आमच्या त्या पोराने मोजे काढले, तेव्हा तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले. घोट्याएवढ्या पाण्यातही उभं न राहता पाय भिजले होते, स्वतःच्याच घामाने.

पावसाळ्यात उलटी गंमत. पाटणादेवीच्या जंगलात नाला ओलांडताना पाणी नडगीपर्यंत येतं. ते वरून बुटात शिरतं. जो पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आतलं बाहेरही जाऊ देत नाही. मग दिवसभर पचक-पचक. जाळीचा बूट भिजतो लगेच, पण पाऊलभर चाललं की निथळायला लागतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी सुकतो. सुकवताना सुखतळा बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. चुलीजवळ किंवा उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका. सोलचं सोल्यूशन उष्णतेनं सुटतं.

हिमालयात बर्फात जायचं असेल तर वॉटरप्रूफ जरूर घ्या. आणि हिवाळ्यात रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला साधा गमबूटच बरा, त्याच्यापुढे कुठल्याही भारी पडद्याचं चालत नाही.

‘घोट्याच्या वर नसेल तर पाय मुरगळणारच’

हे लोक छातीठोकपणे सांगतात. १९९३ साली बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाशेहून जास्त विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना उंच बूट, काहींना बुटके. पाय मुरगळण्यात ठळक फरक दिसला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे हे कबूल, पण ‘मुरगळणारच’ हा शब्द त्यापुढे टिकत नाही. घोटा सावरतात ते पायाचे स्नायू. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, मग दुसऱ्या. उंच बुटाच्या फरकाएवढ्या पैशात दोन वेळा तोरणमाळला जाऊन याल.

पण उंच बुटाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, आणि ती मेसेजमध्ये नाही: कुसळं. दसऱ्यानंतर सातपुड्यातलं गवत वाळतं आणि प्रत्येक पावलाला कुसळं मोज्यात घुसतात. जाळीतून आरपार जातात, मोज्यात वळतात आणि टोचत राहतात. उपटायला गेलं की टोक तुटून आतच राहतं. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला जाणाऱ्यांना हे सांगायला नको, जरी त्यांतले कितीतरी जण चपलेवर किंवा अनवाणीच डोंगर चढतात. त्या दिवसांत उंच बूट उपयोगी पडतो. नाहीतर बुटावरून पोटरीपर्यंत जाड कापडाचं गेटर बांधा. जुन्या जीन्सच्या पायाचंही चालतं.

‘वजनदार म्हणजे मजबूत’

पायावरचं वजन पाठीवरच्या वजनासारखं नसतं. ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. तेवढंच वजन पायावर बांधलं तर धडावर वाहण्याच्या तुलनेत साधारण चार ते सहा पट जास्त ऊर्जा लागते, असं १९६९ च्या एका अभ्यासात दिसलं. जोडीमागे अर्धा किलो वाचला तर संध्याकाळी मांड्यांनाच कळतं. मजबुती बघायची असेल तर तळाचं रबर बघा. बाभळीचा काटा मऊ फोमच्या सोलमधून सरळ तळव्यापर्यंत येतो. फोमखाली सलग, जाड रबर हवं, आणि अंगठ्यापुढे रबराची पट्टी वर वळलेली हवी.

एमआयडीसीतले काही भाऊ कंपनीतून मिळालेले सेफ्टी शूज घालून डोंगरावर येतात. बूट दणकट असतातच. पण पुढची लोखंडी टोपी उतारावर बोटांना ठोकत राहते. ते कंपनीतच राहू द्या.

‘एक नंबर मोठा घ्या, चावला तर चावू द्या’

या दोन सल्ल्यांचं मूळ एकच आहे. बुटाची लांबी आणि रुंदी या वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षातच घेतलेलं नाही.

आपल्याकडे चालणारा यूके नंबर एकाने वाढला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो. पण खटकत असते ती रुंदी. वर्षभर चपलेत मोकळा राहिलेला पंजा पसरतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पावलांची मापं घेतली, त्यातही भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं. दुकानातले बहुतेक साचे तिकडच्या मापांचे. म्हणून आपण करंगळी दुखते म्हणून नंबर वाढवतो. करंगळीला जागा होते, पण टाच आत खेळायला लागते. चढावर टाच घासून फोड, उतारावर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद पंजाचा बूट मागा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या कंपनीचा बघा, प्रत्येकीचा साचा वेगळा असतो.

चावण्याबद्दल. अस्सल चामडं जिथे वाकतं तिथे मऊ होतं आणि रुंदीला किंचित सैलावतं. लांबीला वाढत नाही. टाचेमागचा कडक भाग आणि पुढची टोपी तर तसूभरही हलत नाही. सिंथेटिक बूट जसा पहिल्या दिवशी तसाच शेवटच्या दिवशी. दुकानात करंगळी दाबली जात असेल तर अस्तंब्याच्या निम्म्या वाटेवरही दाबलीच जाणार. नवा बूट आठ-दहा दिवस गावात वापरून मग डोंगरावर न्यावा, हे खरं. पण तो कडकपणा घालवण्यासाठी, चुकीचं माप बरोबर करण्यासाठी नव्हे. आणि आजोबा चामडी वहाणेला तेल चोळायचे म्हणून चिकटवलेल्या सोलच्या बुटाला एरंडेल लावू नका.

मेसेजमधला ‘बूट संध्याकाळी घ्या’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर. दिवसभरात पाय सुजतात, आपल्या उन्हात तर नक्कीच.

‘नक्षी जितकी खोल तितकी पकड’

रबराच्या खाचदार सोलची कथा दुःखद आहे. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावले. त्यांच्या सोबत्याने, विताले ब्रामानी यांनी, १९३७ साली रबरी सोल आणला. तोच विब्रम नावाचा सोल. खाच उपयोगी आहे यात वाद नाही. पण आपल्या काळ्या मातीत खोल आणि दाट खाचा पहिल्या पन्नास पावलांत भरतात, प्रत्येक बुटाला पसाभर चिखल लटकतो आणि नक्षी उरतच नाही. खाचा विरळ असल्या तर चिखल गळून पडतो. ओल्या कातळावर तर खोलीपेक्षा रबर किती मऊ आहे हे महत्त्वाचं. नखाने दाबून बघा. प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ठेवून द्या.

‘एकच जोड, सगळीकडे, दहा वर्षं’

महागडं म्हणून टिकाऊ, आणि जपलं म्हणून अजून टिकाऊ, ही समजूत सोनं-नाण्याला ठीक. बऱ्याच बुटांत तळरबर आणि सुखतळा यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतला ओलावा या फोमला आतून तोडतो आणि उष्णता ते काम आणखी भरभर करते. न घालता कपाटात ठेवलेला बूटही यातून सुटत नाही. वरून चामडं नव्यासारखं चकाकत असतं. डोंगरावर गेल्यावर सोल पुढून जिभेसारखा लोंबतो आणि आतून शिळ्या भाकरीसारखा भुगा पडतो. पाच-सहा वर्षांपूर्वीचा जोड काढताय तर आधी टाचेवरचा फोम अंगठ्याने जोरात दाबा. भेगा पडल्या किंवा चिकट लागला तर डोंगराला नको. सोल सुटलाच तर बांधायला सॅकमध्ये सुतळीचा एक तुकडा कायम असू द्या.

मोच्याकडून कडेने सोल शिवून घेतला तर सुटायची भीती कमी होते. मात्र वॉटरप्रूफ बुटाला सुई लावली की पडदा गेला.

रोजच्या वापराचं म्हणाल तर सिमेंट आणि डांबर मऊ रबर झपाट्याने खातात. डोंगरासाठी चांगलं तेच रस्त्यावर लवकर झिजतं. शिवाय घामाने भिजलेला बूट रात्रीत पुरता सुकत नाही, आणि रोज ओलाच घातला की अस्तर कुजतं, वास येतो. नऊ हजारांचा एक घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन घ्या, आलटून पालटून वापरा. ॲक्शन कंपनीच्या स्वस्त ट्रेकिंग शूजवर महाराष्ट्रातले कितीतरी जण वर्षानुवर्षं किल्ले चढले आहेत, आणि कातळावर त्यांची पकड भल्याभल्यांना लाजवते.

आता ऑनलाइन मागवणार असाल तर एवढं करा. बूट आला की संध्याकाळी, डोंगरावर घालायचेच मोजे घालून, घरात चादरीवर चाला म्हणजे सोल मळणार नाही. दोन्ही पायांत घाला, बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा आहे ना बघा. मग घरातल्या स्वच्छ जिन्यावरून भरभर खाली उतरा, दोन-तीनदा. बोटं पुढे आपटली तर नाडी घोट्याजवळ आवळून पुन्हा उतरा. तरीही आपटली तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.